रंगाचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकघराच्या बाजूला असते. पानांची आणि चहाची व्यवस्था माझ्याकडे. या खेपेला अध्यक्षबाईंनी मला इकडे उभे केले आहे, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. विषय मात्र विज्ञानाचा आहे, आणि तो मला आमच्या थोरलीने शिकवला. ती रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. करते आहे. तिने मला चार वेळा समजावले, पाचव्या वेळी मी तिला समजावले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "आई, आता तू बोलायला हरकत नाही."

आपल्या उद्योग विभागात ओढण्या रंगवण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. नवरात्राचे रोज एका रंगाचे वस्त्र नेसण्याची हौस आली आणि आपल्या कामाला तेजी आली. मागच्या नवरात्रात आपण ३४० ओढण्या रंगवल्या. पैसा चांगला आला. दोघी भगिनींचा संसार त्या महिन्यात त्यावरच चालला, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. नावे घेत नाही.

घटस्थापनेला आठ दिवस होते. मी मागच्या दारी रंगाची पातेली घाशीत होते. आपल्याकडे रानभाजी आणि मोळी घेऊन येते ती कातकरीण दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर मोळी नव्हती. हातात पाण्याची बाटली होती. म्हणाली, "बाय, आमच्या झिऱ्याला तुमचा रंग लागला." मी बाटली उजेडात धरली. पाणी गुलाबी होते. फार नव्हे, हलकेच, आपण सरबतात रंग घालतो तितके.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या मागच्या गटारीचे पाणी ओढ्याला जाते. ओढ्याच्या काठी वाळूत खड्डा करून त्या बायका पाणी भरतात. ओढ्याचे गढूळ पाणी वाळूतून गाळून झिऱ्यात स्वच्छ येते, असा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. गढूळपणा गाळला जातो. रंग गाळला गेला नाही. तो पाण्यात विरघळलेला असतो, वाळू त्याला काय अडवणार?

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण सांगते. माझे माहेर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या बाजूला. वडील एका लहानशा रंगाच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी ते मोरीत हातपाय धूत तेव्हा पहिला तांब्या पिवळा वाहायचा. उशीचा अभ्रा पिवळा. आई म्हणायची, यांना हळद लागून वीस वर्षे झाली तरी उतरत नाही. आम्ही हसत असू. पुढे त्यांच्या दुखण्यात ते हसणे मला फार टोचले. ते दुखणे रंगानेच आले असे मी म्हणत नाही, कोणी डॉक्टरांनी तसे सांगितले नाही. पण तेव्हापासून नदीत रंग सोडणाऱ्या कारखान्यांना मी जन्मभर नावे ठेवीत आले. २०१७ च्या ऑगस्टात तळोज्याच्या औद्योगिक भागात निळी कुत्री दिसली, तुम्हाला आठवत असेल, वर्तमानपत्रात फोटो आले होते. कासाडी नदीच्या बाजूची गोष्ट. एका कारखान्याचा रंग त्या मुक्या जनावरांच्या अंगाला लागला होता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. तो फोटो मी सगळ्या आळीला दाखवीत फिरले होते. आणि आता ही बाई माझ्याच दारात बाटली घेऊन उभी!

रात्री मी हिशेब मांडला. ओढणी शंभर ग्रॅमची धरली. शंभर ग्रॅम सुती कापडाला आपण दोन ग्रॅम रंग घेतो. ३४० ओढण्यांना ६८० ग्रॅम झाला. थोरली म्हणाली, सुती कापडाचे हे जे रंग असतात, त्यातला शंभरातला दहा भाग, कधी कधी तर पन्नास भागही कापडाला धरत नाही, पाण्यातच राहतो. आपण तिसरा हिस्सा धरू. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, जवळजवळ पावकिलो रंग आपण ओढ्यात ओतला. चिमटीभर रंगाने बादली लाल होते, मग पावकिलोने किती बादल्या होतील, ते तुम्हीच मोजा. शिवाय मीठ आणि धुण्याचा सोडा, तो किलोंनी. आणि आपला ओढा उल्हास नदीला मिळतो. खाली बदलापूरपासून कल्याणपर्यंतची माणसे उल्हासचे पाणी पितात.

हे रंग आले कुठून, तेही थोडे सांगते, कारण मला ती गोष्ट आवडली. १८५६ साली विलायतेत पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायच्या खटपटीत होता. औषध बनले नाही, भांड्यात जांभळा रंग मात्र बनला. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या अ‍ॅनिलिन नावाच्या पदार्थापासून तो झाला होता. तिथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. आपल्या शेजारच्या रसायनीचे नावच रसायनावरून पडले. १९६० साली सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना रसायनीत उभा राहिला. ते अ‍ॅनिलिन तिथे बनत असे. २०१७ साली केंद्र सरकारने तिथले काम बंद करण्याचा निर्णय घेतला. रंगाच्या धंद्याचे आणि आपल्या भागाचे नाते असे जुने आहे.

हे रंग पक्के असतात म्हणून आपल्याला हवे असतात. उन्हाने उडू नयेत, साबणाने जाऊ नयेत. आता जो रंग साबणाला आणि उन्हाला दाद देत नाही, तो ओढ्यातल्या जिवाणूंना तरी काय दाद देणार? शिवाय पाणी रंगीत झाले की ऊन तळापर्यंत पोचत नाही, मग शेवाळ आणि पाणवनस्पतींची उपासमार होते आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचीही.

दिवाळीच्या सुट्टीत थोरली घरी आली. ती बाटली मी फडताळात जपून ठेवली होती. ती पाहून ती म्हणाली, "आई, आमच्या वर्गात याच विषयावर प्रकल्प चालू आहे. झाडाच्या पानांनी धातूचे अतिसूक्ष्म कण बनवायचे आणि त्या कणांनी रंग मोडायचा." मला वाटले, देवच पावला.

हे कण म्हणजे काय? एक मिलिमीटर घ्या, आपल्या पट्टीवरचे सर्वांत लहान घर. त्याचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. असल्या दहा-वीस-पन्नास भागांएवढा धातूचा कण. आपला केस यापुढे वडाच्या खोडासारखा. इतके बारीक कशासाठी, तर हळकुंड अख्खे आमटीत टाकले तर रंग चढत नाही, त्याचीच पूड चिमूटभर पुरते. धातू जितका बारीक, तितके त्याचे अंग जास्त उघडे पडते आणि तितके त्याचे काम वाढते.

असे कण बनवायला पूर्वी तीव्र रसायने लागत. आणि इथे अभिमानाची गोष्ट अशी की, पानांच्या काढ्याने ते बनवण्याचे फार महत्त्वाचे काम आपल्या पुण्यात झाले, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने सोन्याचे आणि चांदीचे कण बनवल्याचे प्रसिद्ध केले. त्याच साली गवती चहाच्या काढ्यात त्यांनी सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण बनवले. पुढे आवळा झाला, चिंचेचा पाला झाला, कोरफड झाली. मुलगी एकेक नाव सांगत होती आणि मी म्हणत होते, अगं, हे तर सगळे आपल्या परसात आहे!

कृती ऐकाल तर हसाल. पाला धुवायचा, चिरायचा, पाण्यात उकळायचा, गाळायचा. आपण सर्दीचा काढा करतो तसाच. चांदीचा एक क्षार असतो. मतदानाला बोटाला शाई लावतात ना, तिच्यात तो असतो, म्हणूनच ती उजेडात काळी पडते. तो पाण्यात विरघळवला तर पाणी स्वच्छ दिसते. त्यात काढा घातला की ते आधी पिवळे होते, मग तपकिरी. चांदीचे कण तयार झाल्याची ती खूण. काढ्यातले तुरट द्रव्य आणि इतर द्रव्ये क्षारातली चांदी सुटी करतात, आणि तीच द्रव्ये कणांना वेढून बसतात म्हणून कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत नाही.

तुरट द्रव्य म्हटल्यावर मला आपलीच गोष्ट आठवली. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई जुन्या काळी करीत. आणि खैराचा कात! कातकरी हे नावच मुळी कात करण्यावरून पडले. त्या बाईच्या आज्या-पणज्या रानात खैराची लाकडे उकळून तुरट काढा आटवीत होत्या. शास्त्रज्ञांच्या चंचुपात्राच्या किती तरी आधी. हे मी तिला सांगितले तर ती म्हणाली, "आमची म्हातारी करायची. आता खैर कुठंय?"

आता हे कण रंग कसा मोडतात? रंगाचा रेणू म्हणजे मोठा जोडकाम केलेला दागिना समजा. त्याचे जोड तोडायला कोणी तरी दुसरे द्रव्य लागते. ते द्रव्य आणि रंग शेजारी-शेजारी ठेवले तरी एकमेकांकडे बघत बसतात. मध्ये हा कण आला की काम पटकन होते. मुलगी त्याला उत्प्रेरक म्हणते. मी म्हणते, ही सोयरीक जुळवणारी बाई. लग्न लागले तरी ती स्वतः आहे तशीच, पुढच्या घरी जायला मोकळी. लोखंडाची तऱ्हा जरा निराळी. लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की त्यातून एक अत्यंत भुकेला अंश निघतो, तो समोर येईल त्याचे लचके तोडतो. फेंटन नावाच्या गृहस्थांनी ही क्रिया १८९४ साली मांडली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चहाच्या काढ्याने लोखंडाचे कण बनवून, या पेरॉक्साइडच्या जोडीने एक निळा रंग मोडून दाखवला. साधा चहा, बरे का!

मग मला कुठला धीर. चांदी परवडणार नाही, पण चहा घरात आहे, हिराकस मिळतो, पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळते. थोरलीने हातमोजे घातले, मला दोन हात लांब उभे केले (पेरॉक्साइडने कातडी भाजते, कोणी घरी नुसते बघू म्हणून करू नका), आणि पडवीत तीन बरण्या मांडल्या. पहिल्या बरणीत साध्या पाण्यात चिमूटभर गुलाबी रंग. चहा आणि हिराकसाचे काळेकुट्ट पाणी झाले होते, त्यातले चमचाभर घातले, वर पेरॉक्साइड. सकाळी उठून पाहिले तर गुलाबी रंग गेलेला! पाणी फिकट पिवळसर, तळाशी तपकिरी गाळ. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवले. ते म्हणाले, "छान," आणि कूस बदलली.

दुसऱ्या बरणीत आपल्या पातेल्यातले खरे पाणी होते, मीठ आणि सोड्यासकट. ते फसफसले, तपकिरी गुठळ्या खाली बसल्या, आणि रंग होता तिथेच. मुलगी म्हणाली, या क्रियेला आंबट पाणी लागते, आपल्या पाण्यात सोडा आहे. तिसऱ्या बरणीत व्हिनेगार घालून सोडा मारला आणि मग तेच केले. दीड दिवसाने रंग उतरला, पण पुरता नाही. शिळ्या चहासारखा दिसत होता.

मी तरीही खूश होते. म्हटले, गुलाबी तर गेला! त्यावर ती जे बोलली ते मी आज मुद्दाम तुम्हाला सांगायला उभी आहे. ती म्हणाली, "आई, रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही." मेथिलीन ब्लू नावाचा रंग या प्रयोगांत फार वापरतात. एका तऱ्हेने तो नुसता बिनरंगी होतो, मोडत नाही. हवा लागली की पुन्हा निळा. आणि ज्या रंगांना अ‍ॅझो म्हणतात, त्यांचा मधला जोड तुटला की काही वेळा जे तुकडे उरतात ते मूळ रंगापेक्षा वाईट असतात. त्यांच्या जातीत ते अ‍ॅनिलिनही आले. असल्या काही रंगांवर म्हणूनच आपल्या सरकारनेही बंदी घातलेली आहे. चांदीचे कण ओढ्यात गेले तर मासळीला आणि उपयोगी जिवाणूंनाही मारतात. आणि आपण चहा ओतला, तो सडताना पाण्यातला प्राणवायू घेणार, तो वेगळाच. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच रंग घेऊन हे करतात. आपल्या पातेल्यासारखे मीठ, सोडा, साबण, तीन रंगांचा काला तिथे नसतो. चहा आणि लोखंड यांचे जे बनते ते खरोखर लोखंडाचे सुटे कण की लोखंड आणि तुरट द्रव्याची जोडगोळी, यावरही शास्त्रज्ञांत वाद आहे.

मी चिडले. म्हटले, मग तुम्ही शिकता तरी कशाला? ती शांतपणे म्हणाली, "हे सगळं नीट कळावं म्हणून." मला उत्तर सुचले नाही.

आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुसरी वाट धरली. झेंडूची मुळे, बागेतले चिनी गुलाबाचे रोप अशा जिवंत झाडांकडून कापडाचे रंग मोडले जातात का, याचा त्यांनी अभ्यास केला, आणि मोडताना उरलेले पाणी कमी विषारी होते का हेही तपासले. हे तपासणे मला पटले. अशी वाफ्यांची सोय आपल्या मागच्या जागेत होईल का, असे मी मुलीला विचारले आहे. ती म्हणते, सरांना विचारते. तोवर झेंडू लावून आपण मोकळ्या झालो असे कोणी समजू नये.

आता मंडळाच्या कामाविषयी. मागच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "कारखाने नद्याच्या नद्या रंगवतात, आपल्या बादलीने काय होतं?" दुसऱ्या म्हणाल्या, "तुझी मुलगी शिकते म्हणून आमची कमाई का बुडावी?" दोन्ही बोलणी मला लागली, आणि दुसरे तर खरेच आहे. माझ्या घरात दुसरी मिळकत आहे, सगळ्यांच्या घरी नाही. म्हणून काम बंद करा असे मी म्हणत नाही. पण मी माझ्यापुरते सांगून टाकते. मागच्या दिवाळीपासून मी एक पातेलेही गटारीत ओतलेले नाही. उरलेले पाणी निळ्या पिंपात साठवले आहे. पिंप अर्ध्यावर आले आहे. ते कुठे द्यायचे हे ठरेपर्यंत ते तिथेच राहील, आणि त्याला कोणी हात लावू नये. एकाच पाण्यात आधी गडद आणि मग फिकट कापड घालून मी पुष्कळ रंग वाचवला. धुण्याचे पाणीही पुढच्या रंगाला वापरता येते. कापड रात्रभर ठेवले तर रंग अधिक धरतो. घाई केली की रंग वाया जातो, आणि नवरात्राच्या आधी आपण नेहमी घाईत असतो.

दसऱ्याला लोकांनी टाकून दिलेल्या झेंडूच्या माळा मी गोळा केल्या होत्या. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाला त्या फुलांचा सुरेख पिवळा चढतो. हिरड्याने आणि अगदी थोड्या हिराकसाने करडा येतो; त्याचेही उरलेले पाणी मी पिंपातच टाकते. पांढऱ्याला तर रंगवावेच लागत नाही. म्हणजे नवरात्राच्या तीन दिवसांचे भागले, सहा दिवस उरले. हिरवा आणि निळा मला काही केल्या जमत नाही. कोणाच्या आजीला, मावशीला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

ओढ्यावरच्या झिऱ्याचे पाणी दिवाळीनंतर साफ झाले असे ती बाई सांगते. ती अजून आमच्याकडे येते, पण आल्यावर आधी मागच्या दारी जाऊन गटारीत डोकावते आणि मग टोपली उतरवते. मी काही बोलत नाही.

पिवळ्या आणि करड्या ओढण्या बाहेरच्या टेबलावर मांडल्या आहेत. चहापानानंतर बघाव्या. किंमत नेहमीपेक्षा वीस रुपये जास्त आहे. करड्या रंगातली एक टोकाला डागाळली आहे, ती माझ्या हातची. ती कोणाला द्यायची नाही.